दोन शेते

मृग नक्षत्र लागले, की हिंगोली जिल्ह्यातील शिवारांचे रूप पालटू लागते. उन्हाळ्यात नांगरून तापत ठेवलेली काळी जमीन पहिल्या पावसाने निवते. मातीचा वास दरवळतो. पावशा पक्षी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी साद घालतो. तरीही जाणता शेतकरी घाई करीत नाही. तो शेतात जातो, मूठभर माती उचलतो, तिचा गोळा करतो आणि तो खाली टाकून पाहतो. गोळा सहज फुटला, म्हणजे जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, हे त्याला कळते. जमिनीच्या या स्थितीला ‘वाफसा’ असे म्हणतात. वाफसा आला, की मगच तिफण किंवा पेरणीयंत्र शेतात उतरते, त्याआधी नाही.

अशाच एखाद्या जूनच्या संध्याकाळी वसमत तालुक्यातील एखाद्या घरी आजोबा शेतातून परतलेले असावेत. त्यांनी नुकतीच हळदीची लागवड आटोपलेली असावी. ओसरीवर नातू वडिलांच्या मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असावा. मग त्या दोघांत असे काही बोलणे व्हावे :

“आबा, माझा गहू कापणीला आला!”

“गहू? आणि तो जून महिन्यात? पेरला कधी होतास?”

“आत्ता, जेवायच्या आधी.”

आबा हसतात आणि त्याच्याजवळ टेकतात. “बरं झालं. पण मला सांग, पाणी कुठल्या विहिरीचं दिलंस? राखण कोणी केली? आणि तू इथं नसलास, म्हणजे तुझ्या शेतात काय चालतं?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलगा चटकन देतो. दुसऱ्याला तो थोडा थांबतो. तिसरा प्रश्न मात्र त्याला नीटसा कळतच नाही.

हे संभाषण कल्पनेतले आहे. परंतु दोन शेते आज एकाच छपराखाली आली आहेत, ही गोष्ट खरी आहे. एक शेत गावाबाहेर काळ्या मातीत आहे, तर दुसरे तळहाताएवढ्या पडद्यावर आहे. या दोन शेतांचे परस्परांशी नाते काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण पडद्यावरच्या शेतात रमणारी मुले आज गावोगाव आहेत आणि मातीतले शेत उद्या त्यांच्याच हाती किंवा त्यांच्याच भरवशावर राहणार आहे.

पडद्यावरची शेती ज्या खेळांत करावी लागते, त्यांत ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ सर्वांत प्रसिद्ध आहे. स्वीडन देशातील मार्कुस पेर्सोन नावाच्या संगणकतज्ज्ञाने तो रचला. २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०२३ सालापर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. या खेळातील सारी सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची आहे. डोंगर, नद्या, झाडे, माती, सारे काही ठोकळ्यांचेच. खेळणारा या सृष्टीत रिकाम्या हाताने येतो. त्याला भूक लागते. रात्री त्याच्यावर संकटे चालून येतात. जगायचे असेल, तर निवारा हवा आणि अन्नही हवे. शिकार करून, फळे वेचून काही दिवस निभावते. पण निश्चिंत जगण्यासाठी अखेर शेतीच करावी लागते.

‘हा सारा पोरखेळ आहे, त्यात शिकण्यासारखे काय असणार?’ असे पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. हे म्हणणे न्यायाचे नाही. मुलांनी मोठ्यांच्या जगाची नक्कल करून खेळावे, ही रीत फार जुनी आहे. मुली भातुकली मांडतात, पोळ्याच्या सुमारास मुले मातीचे बैल करतात. बोळक्यातला भात पोट भरत नाही आणि मातीचा बैल औत ओढत नाही. तरीही त्या खेळांतून मुलांचे लक्ष चुलीकडे आणि गोठ्याकडे वळते. पडद्यावरचे शेत ही आजच्या काळातील भातुकलीच होय. तिला नावे ठेवण्यापूर्वी तिच्यात काय आहे, हे पाहिले पाहिजे.

त्या खेळात गव्हाचे बी बाजारात मिळत नाही. खेळणारा रानातले गवत उपटू लागला, की एखाद्या वेळी त्याच्या हाती बी लागते. ही गंमत वाटेल, पण तिच्यात मानवाच्या इतिहासातील एक मोठे सत्य दडलेले आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने रानटी गवतांचे दाणे वेचता वेचता ते पेरावयास आरंभ केला. त्याच गवतांच्या वंशात आजचा गहू जन्मला. रानटी गव्हाचे दाणे पिकताच गळून मातीत पडत. ज्या ताटांचे दाणे कणसाला धरून राहात, तीच ताटे माणसाच्या हाती अधिक लागली व त्यांचेच बी पुनःपुन्हा पेरले गेले. अशा रीतीने गवताचे धान्य झाले. जोंधळ्याची कथाही अशीच आहे. त्याचे मूळ घर आफ्रिका खंडात आहे. सोयाबीन चीनकडचे. आज हिंगोलीच्या शिवारात शेजारी शेजारी डोलणारी ही पिके किती दूरदूरच्या मुलखांतून, किती पिढ्यांच्या हातांतून येथवर आली आहेत!

त्या खेळात जमीन कुदळीने खणून भुसभुशीत करावी लागते. पाण्यापासून चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली राहते, त्यापलीकडची कोरडी पडते. यावरून हुशार मुले गणित मांडतात : मध्यभागी एक ठोकळा पाण्याचा ठेवला आणि भोवती नऊ बाय नऊचे शेत आखले, तर ८१ चौकोनांपैकी ८० चौकोन पेरता येतात. पिकाला पुरेसा प्रकाश लागतो. मऊ केलेल्या जमिनीवर उड्या मारल्या, तर ती पुन्हा टणक होते आणि पीक उखडते. गहू आठ अवस्थांतून वाढतो. तो पिकण्यापूर्वीच कापला, तर गहू मिळत नाही, केवळ बी परत मिळते. बटाटा लावायचा असेल, तर खाण्याच्या बटाट्यांतलाच एखादा बाजूला ठेवावा लागतो. सारेच खाऊन टाकले, तर पुढच्या खेपेला लावावयास काही उरत नाही.

या नियमांत खोटे असे काहीच नाही. ओल असल्यावाचून अंकुर नाही, उन्हावाचून वाढ नाही, तुडवलेल्या जमिनीत मूळ शिरत नाही, कच्चे कापले तर हाती काही लागत नाही, हे सारे काळ्या मातीतही खरेच आहे. बियाण्याची गोष्ट तर हळदीच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. हळद बी टाकून लावीत नाहीत, तिचे कंदच लावतात. म्हणून काढणीच्या वेळी कितीही पैशाची गरज असली, तरी जाणता शेतकरी चांगले जेठे गड्डे निवडून पुढील हंगामाच्या बेण्यासाठी सावलीत जपून ठेवतो. घरात पैशाची ओढ असताना बेणे राखून ठेवावयास मनाचा निग्रह लागतो. त्या निग्रहाची ओळख खेळातल्या बटाट्याने करून दिली, तर त्यात वाईट काय आहे?

तथापि, एवढ्यावर थांबून चालणार नाही. खेळात जे आहे, ते खरे असले, तरी जे नाही, ते त्याहून कितीतरी मोठे आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. त्या खेळात दोन ठोकळे लांब आणि दोन ठोकळे रुंद असा खड्डा खणावा, त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतावे, की झाला अक्षय झरा तयार! त्यातून कितीही पाणी उपसले, तरी ते आटत नाही. हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू नदी पाहिलेल्या मुलाला ही जादू वाटेल. पावसाळ्यात दुथडी भरणारे तिचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. पूर्णा नदीवर सिद्धेश्वर व येलदरी ही धरणे बांधली गेली, ती पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवावे म्हणूनच. ठिबकच्या नळीतून थेंब थेंब पाणी देणारा शेतकरी त्या थेंबाची किंमत जाणतो. अक्षय झऱ्याची सवय लागलेल्या हाताला ती किंमत कळणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. खेळातली जमीन कधी थकत नाही. तीत शंभर वेळा गहू घेतला, तरी शंभराव्या वेळी तो पहिल्याइतकाच पिकतो. खऱ्या जमिनीतून प्रत्येक पीक काही ना काही काढून नेते. ते परत दिले नाही, तर तिचा कस उतरतो. म्हणून शेणखत घालावे लागते, पिकांची फेरपालट करावी लागते. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. एखादे रोप हलक्या हाताने उपटून पाहिले, तर त्या गाठी लहान मुलालाही दिसतात. खेळात हाडांची भुकटी पिकावर टाकली, की ते डोळ्यांदेखत वाढते. हाडांची भुकटी हे खरोखरीचेही खत आहे. परंतु ते मातीत हळूहळू मुरते व मुळांना स्फुरद पुरवते. जमिनीला घाई ठाऊक नाही.

आणखी एक मौजेचा नियम त्या खेळात आहे. एकाच पिकाने सारे शेत भरून टाकण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या पिकांच्या ओळी आलटूनपालटून लावल्या, तर ती लवकर वाढतात. असे का, याचे कारण खेळ सांगत नाही. तो केवळ नियम आहे. हिंगोलीचा शेतकरीही सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी पेरतो. परंतु त्याला त्याचे कारण सांगता येते. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते; तूर मागे राहून हिवाळ्यात येते. सोयाबीनची मुळे वरच्या थरात असतात, तर तुरीची खोल जातात. एका पिकाला पावसाने दगा दिला, तर दुसरे घर सावरते. नियम पाठ असणे वेगळे आणि त्याचे कारण कळणे वेगळे. पहिल्याने खेळ जिंकता येतो, पण संसार चालवण्यासाठी दुसरेच लागते.

तिसरी गोष्ट राखणीची. पडद्यावरच्या शेतात तण उगवत नाही, अळी पडत नाही, रोग येत नाही. क्वचित एखादा ससा गाजरे कुरतडून जातो, एवढेच. मातीतल्या शेतात मात्र पेरलेल्या पिकाआधी न पेरलेले तणच डोके वर काढते. हळदीला वारंवार निंदावे लागते. पुढे मुळे व कंद उघडे पडू नयेत म्हणून मातीची भर द्यावी लागते. पाणी साचले, तर कंदकुजीचे भय असते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो. जोंधळा दाण्यात आला, की पाखरांचे थवे उतरतात आणि गोफण घेऊन दिवसभर माचावर उभे राहावे लागते. आबांच्या दुसऱ्या प्रश्नाला मुलगा थांबला, तो यामुळेच. राखण करावी असे त्याच्या शेतात काही नव्हतेच.

चौथी गोष्ट माणसांची. पडद्यावरचे शेत एकट्याचे असते. पेरणारा तोच, कापणारा तोच आणि भाकरी भाजून खाणाराही तोच. त्या खेळातील एखादा शेतकरी वीस गव्हांच्या बदल्यात एक पाचू देतो, असा तेथील बाजार! काळ्या मातीतले शेत असे एकट्याचे कधीच नसते. हळद खणून काढावयास माणसे लागतात, निवडावयास बायाबापड्या लागतात. मग ती मोठ्या कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, फिरत्या पिंपात घालून तिला चकाकी आणायची, पोत्यांत भरायची आणि वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची. तेथे बोली लागते. नऊ महिन्यांच्या श्रमाचे मोल काही क्षणांत ठरते, आणि ते ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नसते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘ही हळद याच भूमीची’ अशी सरकारी मोहोर तिच्यावर उमटली. हा मान एकट्यादुकट्याचा नव्हे. या मातीचा आणि पिढ्यानपिढ्या या पिकासाठी राबलेल्या असंख्य हातांचा तो मान आहे.

या चारही गोष्टींहून मोठी गोष्ट आबांच्या तिसऱ्या प्रश्नात आहे. मुलगा तेथे नसतो, तेव्हा त्याच्या शेतात काय चालते? खरे उत्तर असे, की काहीच चालत नाही. एकट्याने खेळणाऱ्या मुलाने खेळ बंद केला, किंवा खेळातच तो शेतापासून फार दूर निघून गेला, की तेथला काळ थांबतो. गहू ज्या अवस्थेत होता, त्याच अवस्थेत उभा राहतो. मुलगा परीक्षेत गुंतला, आजारी पडला, किंवा मामाच्या गावाला जाऊन महिनाभराने परतला, तरी त्याचे शेत जसेच्या तसे असते. पडद्यावरचे पीक खेळणाऱ्याची वाट पाहते.

काळ्या मातीतले पीक कोणाचीही वाट पाहत नाही. वाफशाचे दोन-चार दिवस निघून गेले, तर ते परत येत नाहीत. निंदणी आठ दिवस लांबली, तर तण पिकावर चढते. पिकलेले सोयाबीन वेळेवर कापले नाही, तर उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. परतीच्या पावसात सापडले, तर शेंगेतल्या शेंगेत त्याला कोंब फुटतात. घरात लग्न असो, आजारपण असो, की दुःखाचा प्रसंग असो, शेताचे काम त्याच दिवशी व्हावे लागते. शेतकरी झोपला, तरी रात्री पाऊस पडतो, कीड अंडी घालते, मूळ इंचभर खाली सरकते. पडद्यावर पीक माणसासाठी थांबते. शिवारात माणसाला पिकाच्या वेळेनुसार चालावे लागते. या दोन शेतांतला खरा भेद हाच आहे.

या भेदाचा विसर पडला, तर एक मोठी चूक घडते. खेळात पीक बुडाले, तर दोष नेहमी खेळणाऱ्याचाच असतो. त्याने पाणी दूर ठेवले असेल, उजेड कमी पडला असेल, किंवा तो स्वतःच वाफ्यात उड्या मारीत गेला असेल. चूक सुधारली, की पीक येते. अशा शेतात वाढलेल्या मनाला सहज वाटू लागते, की ज्याचे पीक बुडाले, तो आळशी किंवा अजाण असला पाहिजे. हा ग्रह अत्यंत अन्यायाचा आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षी ज्यांची शिवारे करपली, ते सारे आळशी होते काय? आदल्या वर्षी त्याच हातांनी त्याच जमिनीत धान्य पिकवले होते. ते हात दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले, तेव्हा कोठे घरची चूल पेटली. ‘राबणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे’ हा विचार त्या अनुभवातून बळावला आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी याच्या उलट प्रकार घडला. हिंगोली, परभणी, नांदेड या भागांत दोन दिवसांत एवढा पाऊस कोसळला, की उभी पिके पाण्याखाली गेली. पेरणी वेळेवर झाली होती, निंदणी झाली होती, शेंगा भरत आल्या होत्या. शेतकऱ्याने करावयाचे ते सारे केले होते. तरीही पीक हातचे गेले. श्रम पूर्ण आणि फळ शून्य, असे खेळात घडत नाही, शेतात घडते. आणि पुढच्या मृगात तोच माणूस पुन्हा मूठभर माती उचलून वाफसा पाहतो. त्याच्या या धैर्याला पडद्यावर जागा नाही.

येथे कोणी म्हणेल, की शेती इतकी कठीण आहे, तर ती खेळासारखी सोपी का करू नये? हा विचार चुकीचा नाही. तो करणारी माणसेही आहेत. परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ मराठवाड्यासाठी पिकांचे नवे वाण तयार करते. त्याने २०१८ साली दिलेल्या ‘परभणी शक्ती’ नावाच्या ज्वारीत लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक आहे, त्यामुळे तिची भाकरी अधिक पौष्टिक ठरते. परंतु असा वाण बटण दाबून तयार होत नाही. संशोधकांना तो हंगामामागून हंगाम पेरावा लागतो, निवडावा लागतो, पुन्हा पेरून पडताळावा लागतो. शास्त्रज्ञालाही पिकाच्या वेळेनुसारच चालावे लागते. विज्ञानाने कष्ट हलके होतात. पण वाट पाहण्याचे बळ त्यालाही लागतेच.

तेव्हा मुलांनी तो खेळ खेळू नये, असे म्हणण्याचे कारण नाही. डोळ्यांना आणि अभ्यासाला बाधा न आणता त्यांनी तो खेळावा. मात्र ज्या मुलाने पडद्यावर ८० चौकोनांचे शेत पिकवले आहे, त्याने एका हंगामात एक हात लांब व एक हात रुंद एवढी तरी जमीन स्वतः पिकवून पाहावी. ती घराच्या परसात असो, शाळेच्या आवारात असो, की शहरातल्या सज्जात ठेवलेल्या कुंडीत असो. तीत मेथी पेरावी, चार दाणे हरभऱ्याचे टाकावेत, किंवा हळदीचा एक गड्डा लावावा. पेरल्याचा दिवस, अंकुर दिसल्याचा दिवस, पहिले तण उपटल्याचा दिवस, हे सारे वहीत टिपून ठेवावे. मेथी थोड्याच दिवसांत भाजीला येईल. हळदीला मात्र नऊ महिने लागतील. तेवढ्या काळात शाळेच्या दोन परीक्षा होऊन जातील, पाऊस संपून थंडी येईल. कदाचित ते रोप मरूनही जाईल. मेले, तरी त्या मुलाचा तोटा होणार नाही. आपल्या हातून सर्व काही नीट झाले असतानाही पीक कसे जाते, हे ज्याला एकदा कळले, तो बाजारात भाजी घेताना विकणाऱ्याशी उर्मटपणे बोलणार नाही आणि ताटात अन्न टाकणार नाही.

त्या ओसरीवरच्या आजोबा-नातवाकडे पुन्हा एकदा वळावे. त्या संध्याकाळीनंतर पंधरा-वीस दिवस गेले आहेत. शाळा, अभ्यास आणि पाऊस यांमुळे मुलाला मोबाइल हाती घ्यावयास सवड झालेली नाही. एका रविवारी सकाळी तो पाहतो, तर त्याचा गहू जेथल्या तेथे उभा आहे; एक पानही अधिक आलेले नाही. तेवढ्यात आबा खांद्यावर खुरपे टाकून निघतात आणि तो त्यांच्यामागोमाग चालू लागतो. रात्री पाऊस पडून गेलेला आहे. बांधावर पोहोचताच आबा खाली वाकून बोट दाखवतात. ओल्या काळ्या मातीतून हळदीचे हिरवे कोंब वर आले आहेत. त्यांच्या आजूबाजूला तणही आले आहे.

“कधी आले हे, आबा?” मुलगा विचारतो.

“आपण घरी होतो, तेव्हा,” आबा म्हणतात आणि दुसरे खुरपे त्याच्या हाती देतात.